वुथी मामाचा पलंग

त्या घरात ताटं चार मांडली जायची आणि जेवायच्या तिघीच. चौथं ताट वुथी मामाचं. सोरियाने या मामाला कधी बघितलेलं नव्हतं. तिच्या आईला, थावीलासुद्धा तो धड आठवत नव्हता. कंबोडियात काळ्या कपड्यातली, गळ्यात लाल पंचे टाकलेली पोरं राज्य करत होती, तेव्हा त्यांनी त्याला कालवा खणायला म्हणून नेलं. मिसरूड फुटायचं वय त्याचं. गेला तो गेलाच. पण 'गेला' म्हणायची घरात चोरी होती. सोरियाची आजी, येय निमोल, म्हणायची, "यायचाय."

यायचाय म्हणून ताट. यायचाय म्हणून पलंग.

फ्रान्समधल्या लिऑन शहराच्या कडेला वसाहतीत नवव्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. आतल्या खोलीत येयचा पलंग आणि त्याला लागून मामाचा. मामाच्या गादीवरचं प्लास्टिक दुकानातून आलं तसंच होतं, पण वरची चादर मात्र येय नेमाने बदलायची, उशी झटकायची. बाहेरच्या खोलीत थावी जमिनीवर गादी टाकायची आणि सोरिया सोफ्यावर. सोफ्याची एक स्प्रिंग तुटलेली. ती बरोबर बरगडीत शिरायची, जशी काही सोरियाचीच वाट बघत असायची.

सोरिया सतरा वर्षांची. शाळेने तिला सोडलं की तिने शाळेला, यावर घरात दोन मतं होती. दिवसभर घरात, नाहीतर ट्रामच्या थांब्यावर, आणि डोकं कायम तापलेलं. एकदा हिवाळ्यात तिला खरोखरचा ताप भरला, तेव्हा ती गुपचूप मामाच्या पलंगावर जाऊन पडली होती. येयने तिला दंडाला धरून उठवलं.

"मला ताप आहे, येय."

"ताप सोफ्यावरपण उतरतो. पलंगाला तुझी सवय लागली तर तो आल्यावर कुठे निजेल?"

त्या दिवसापासून सोरियाला तो पलंग हवा होता. नुसता झोपायला नाही. हवाच होता.

सप्टेंबर संपत आला आणि ट्रामच्या थांब्यावर एक मोठं पोस्टर लागलं. त्यावर फक्त दोन दगडी पाय, घोट्यापर्यंत. खाली शहरातल्या आशियाई कलेच्या म्युझियमचं नाव. येय बाकावर बसलेली, भाजीची पिशवी मांडीत. पाय बरोबर तिच्या डोळ्यांसमोर. ट्राम आली, दारं उघडली.

"चल येय."

"जाऊ दे तिला."

"पुढची वीस मिनिटांनी आहे."

"अंगठा बघ," येय म्हणाली. "डावा. तुटका आहे ना? हे आजोबा आहेत."

आजोबा कोण हे सोरियाला पाठ होतं. येयच्या गावाच्या वेशीवर चिंचेखाली दगडाचे आजोबा उभे असायचे. गावचे राखणदार. मूर्ती जुनी, डोकं कुणाच्या पणजोबाच्या काळातच तुटलेलं. त्या जागी गावाने नदीतला एक गोटा ठेवलेला आणि त्यावर काजळीने मिशा काढलेल्या. अंगावर कापडं. नवस फिटला की नवं कापड जुन्यावरच गुंडाळायचं, खालचं काढायचं नाही. कापडाखाली बघेल त्याचे डोळे जातात. त्यामुळे अख्ख्या गावाला आजोबांचे दोन पायच ठाऊक. डावा अंगठा तुटका, आणि तो तुटका भाग हात लावून लावून गुळगुळीत झालेला.

वुथीला नेलं तेव्हा येय लांबच्या छावणीत राबत होती. एका रात्री ती चोरून वेशीपर्यंत आली. पण पहारा होता, जवळ जाता येईना. बांधाआडूनच तिने नवस बोलला. पोरगं परत आण, डुकराचं डोकं देईन, रेशमी कापड नेसवीन. अंधारात तिला आजोबांची कापडं तेवढी दिसली. ती बघून तिने हात जोडले आणि पळाली. तेव्हापासून ती थांबली होती. आजोबांनी नाही म्हटलेलं नव्हतं ना.

घरी थावी कामावरून आल्या आल्या तिला हे सगळं ऐकावं लागलं. थावी एका दवाखान्यात सफाईला होती, पाय सुजलेले असायचे.

"आई, दगडाचे पाय सगळे सारखेच असतात."

"तुझे आणि शेजारणीचे सारखे आहेत? टाचा बघ एकदा स्वतःच्या."

"तिकीट पडतं तिथे."

"पहिल्या रविवारी फुकट असतं," सोरिया म्हणाली. तिला गंमत बघायची होती.

रविवारी येय पांढरा ब्लाउज आणि काळी लुंगी नेसून तयार. पिशवीत केळी, सिगारेटचं पाकीट, आणि डांबरगोळ्यांचा वास मारणारं लाल रेशमी कापड. ते तिने कधीचं घेऊन ठेवलेलं होतं. म्युझियमच्या दारातल्या माणसाने केळी काढून ठेवली. सिगारेटी राहू दिल्या, का कोण जाणे.

आतल्या दालनात खांबांवर नुसती डोकी. डोळे मिटलेली, हसरी.

"धडं कुठेत यांची?" येयने विचारलं.

"दुसऱ्या म्युझियमात," सोरिया म्हणाली.

थावीला हसू आलं आणि तिने ते खोकून लपवलं.

पुढच्या दालनाच्या दारात येयने चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. मधोमध, एकटी, ती मूर्ती उभी होती. येय वर न बघता सरळ पायांपाशी गेली, एका बाजूला पाय दुमडून फरशीवर बसली आणि तीनदा डोकं टेकवलं. मग तुटक्या अंगठ्याकडे हात नेला. कोपऱ्यातली पहारेकरीण, एक धिप्पाड बाई, पुढे झाली.

"मॅडम, हात नको."

येयला फ्रेंच कळत नव्हतं, पण हात मागे घ्यायचं कळत होतं. तिने सिगारेटचं पाकीट फरशीवर ठेवलं. भोवती माणसं जमली. कानाला यंत्र लावलेला एक म्हातारा फोनवर फोटो काढायला लागला. म्हणजे आजोबांचा नाही, येयचा. सोरियाच्या कानशिलात रक्त चढलं.

"फोटो काय काढतोस, तुझी आजी नाहीये ती," ती फ्रेंचमध्ये त्याच्यावर खेकसली. तो सॉरी म्हणाला आणि आणखी एक काढला.

येय खाली बघून बोलत होती, दारात आलेल्या वडीलधाऱ्याशी बोलावं तसं. "आजोबा, तुम्हीपण इथेच आलात होय. मला काय माहीत. मी उगाच तिकडे तोंड करून हात जोडत होते. हे बघा, कापड आणलंय. आधीच देते, डुकराचं डोकं तो आला की. उशीर का झाला, विचारत नाही. अजून लागेल तेवढा वेळ घ्या. पलंग तयार आहे. चादर कालच बदलली."

चादरीचं ऐकलं आणि सोरियाचं टाळकं सरकलं.

"येय, वर बघ."

"वर नसतं बघायचं."

"बघ म्हणते ना."

"डोळे जातील."

"मोतीबिंदू काढलाय तुझा. सरकारने नवीन भिंग बसवलंय, फुकटात. ते कशाला जातंय? बघ वर." आणि तिने येयची हनुवटी धरली, पोराला औषध पाजताना धरतात तशी, आणि वर केली.

येयने बघितलं. घोटे, मग बारीक चुण्यांचं दगडी वस्त्र, वर नाजूक कंबर, पोटावर तीन वळ्या, आणि त्याच्याही वर दोन गोल, भरलेले स्तन. त्याच्यावर काही नाही. मान जिथे असायची तिथे हवा.

"आजोबा म्हणे," सोरिया म्हणाली. "बाई आहे ही. नीट बघून घे. अख्खं गाव एका बाईला मिशा काढून आजोबा, आजोबा करत होतं. मला कुणी आजोबा म्हणून हाक मारली तर मी ओ देईन का? तू हाकच भलत्याला मारलीस, येय. म्हणून नाही आला तुझा पोरगा."

"सोरिया, पुरे," थावी म्हणाली. पण टीव्हीचा आवाज कमी कर म्हणावं तसं म्हणाली.

येय बघतच राहिली. तोंड उघडं. सोरियाला वाटलं, झालं, आता रडेल आणि आपण घरी जाऊ. पण येय हसायला लागली. उरलेले चार दात दाखवत, खुदुखुदु.

"बाई आहे होय," ती म्हणाली. "बरं झालं गं. पुरुषाला नवस बोलला की तो विडी ओढता ओढता विसरतो. बाई नाही विसरत. हिने ऐकलंय माझं. आता येईल तो, बघ तू."

आणि तिने रेशमी कापडाची घडी उलगडायला घेतली. हातात जोर आला होता तिच्या. सोरियाला समोर आणखी वीस वर्षं सोफा दिसला, स्प्रिंगेसकट.

मूर्तीच्या बाजूला खाली एक पाटी होती. देवी, कंबोडिया, दहावं शतक, वालुकाश्म. एका संग्राहकाच्या घरच्यांनी दिलेली भेट. भेट दिल्याचं साल होतं, तेही अलीकडचं. मूर्ती गावातून कधी उचलली, कोणी उचलली, याचं अक्षर नव्हतं. सोरियाने पाटी वाचली. मग ती येयच्या भाषेत मोठ्याने वाचायला लागली, पाटीवर नव्हतं ते.

"'ही मूर्ती कंबोडियातून आणली एकोणीसशे त्र्याहत्तर साली.'"

येयचे हात थांबले. "कधी?"

"त्र्याहत्तर. मामाला नेलं ते कोणतं वर्ष?"

"ड्रॅगनचं."

"म्हणजे शहात्तर. तोवर ही इथे येऊन, अंघोळ करून, दिव्याखाली उभी होती. तू बांधाआडून नवस बोललीस तेव्हा वेशीवर काय होतं सांगू? काठी. चोरांनी मूर्ती नेली आणि कुणाला कळू नये म्हणून कापडं काठीला गुंडाळून ठेवली, वर तुमचा गोटा. तू चिंध्यांना नवस बोललीस, येय. चिंध्या कुठून पोरगं आणतील?"

पहारेकरीण बाई घड्याळ बघत होती. मग येय म्हणाली, "थावी. तू वाच. ही शाळा सोडलेली, हिला काय येतंय. तू वाच."

थावी पाटीपाशी आली. सोरिया बाजूला सरकली. आईला फ्रेंच चांगलं वाचता येत होतं, औषधांच्या बाटल्यांवरचं बारीक अक्षरसुद्धा. आई हवेत बोट फिरवत एकेक ओळ वाचत होती. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

येय आणि थावी छावणीतून पळून थायलंडच्या सीमेवर आल्या तेव्हा एका ताडपत्रीखाली वुथीसाठी एक चटई कोरडी ठेवलेली असायची आणि थावी चिखलात निजायची. थावीच्या लग्नात पहिली खुर्ची वुथीची, रिकामी. थावीचा नवरा तिला सोडून गेला तेव्हा येय म्हणाली होती, "गेला तर गेला. तो काय वुथी आहे?"

थावीने पाटीवरून बोट काढलं.

"हो आई," ती म्हणाली. "असंच लिहिलंय."

आवाज जराही हलला नाही. सोरियाने आईकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला तिची भीती वाटली.

येयने कापडाची घडी घातली, जुन्या मोडीवर मोड. उठताना मूर्तीला हात जोडले नाहीत. सिगारेटचं पाकीट पहारेकरणीने उचलून आणून दिलं, ते तिने घेतलं.

पितरांचा पंधरवडा चालूच होता. त्या दिवसांत पहाटे देवळात जायचं, घरातल्या मेलेल्यांची नावं सांगायची. आचार्य ती माइकवर घेतात, आणि मग तीळ घातलेले भाताचे गोळे देवळाभोवती टाकायचे, भुकेल्या पितरांना. जिवंत माणसाचं नाव मात्र तिथे चुकूनही घ्यायचं नाही. घेतलं की त्याची परतीची वाट बंद. म्हणून इतकी वर्षं येय नवऱ्याचं नाव द्यायची, बहिणींची द्यायची, आणि वुथीपाशी तोंड मिटायची.

म्युझियमच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिने आचार्यांच्या कानात सांगितलं. शहराबाहेरचं ते देऊळ म्हणजे वर्गणी काढून घेतलेलं एक साधं घर, गॅरेजमध्ये बुद्ध. माइक खरखरला. आधी आडनाव, मग नाव. "प्राक वुथी."

येयने गोळा टाकला. लांब टाकला, कालव्यापर्यंत जाईल असा.

दुपारी जेवायला तीन ताटं. जेवण झाल्यावर येय भांडी घासायला लागली तशी सोरिया आत गेली आणि मामाच्या गादीवरचं प्लास्टिक टराटरा फाडलं. मग आडवी झाली. पाठ सगळीकडून टेकली. बरगडीत काही नाही. तिने डोळे मिटले.

"ऊठ." थावी दारात उभी होती, हातात स्वतःची उशी.

"का?"

"का म्हणजे? मी झोपणार इथे."

"वा. सगळं केलं मी आणि झोपणार तू?"

"तू काय केलंस? तोंड उघडलंस, ते तर तू रोज उघडतेस. तुझ्यावर विश्वास ठेवला असता तिने? शिक्का मी मारला."

"माझी बरगडी बघ, निळी पडलीये."

"माझी पाठ बघ. मी जन्मापासून जमिनीवर आहे. उठतेस की ओढू?"

थावीने खरंच ओढलं. सोरियाने पलंगाची कड धरली. आईने तिची बोटं एकेक करून सोडवली, सोरियाने आईच्या मनगटाला चावा घेतला. दोघी दात-ओठ खात होत्या, पण आवाज न करता, कारण भिंतीपलीकडे पाण्याचा नळ चालू होता.

नळ बंद झाला. येय दारात आली. हात ओले.

"भांडू नका," ती म्हणाली. "एवढंच सांगा. त्या पाटीवर साल कोणतं होतं? आचार्य विचारत होते."

"त्र्याहत्तर," सोरिया म्हणाली.

"एकाहत्तर," थावी म्हणाली.

दोघी एकदमच बोलल्या. थावीच्या लक्षात राहणार कसं, तिने ते कुठे वाचलेलंच नव्हतं.

येय दोघींकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरं." आणि ओट्याकडे गेली.

संध्याकाळी तिने मासा केला, वुथीला आवडायचा तसा, लेमनग्रास वाटून. ताटं मांडली दोन. एक स्वतःचं आणि एक वुथीचं. त्याच्या ताटातल्या माशाचे काटे काढत बसली.

"आई, आमची ताटं?" थावीने विचारलं.

येय काटे काढत होती.

"येय, ऐकू येत नाही का?" सोरिया म्हणाली. "भूक लागलीये."

येयने मान वर केली आणि खिडकी लावून घेतली, बाहेरून काहीतरी आवाज येत असावा तशी.

मग तसंच सुरू झालं. दोघी आपलं आपण वाढून घ्यायच्या. सोरिया शिव्या द्यायची, थावी पाया पडायची. एकदा थावीने येयचे पाय धरून सगळं खरं सांगितलं. येयने पाय सोडवून घेतला, जिन्यात मांजर पायात आलं की सोडवतो तसा. प्लास्टिक फाटलेल्या गादीवर तिने ते लाल रेशमी कापड अंथरलं. त्या पलंगावर बसायची मग दोघींचीही छाती झाली नाही. सोरिया सोफ्यावर, स्प्रिंग बरगडीत.

पंधरवड्याच्या शेवटच्या पहाटे येय भाताचे गोळे डब्यात भरायला लागली, तशा दोघीही तयार झाल्या. येयने त्यांना ये म्हटलं नाही, येऊ नका म्हटलं नाही. ट्राममध्ये सोरिया तिच्यासमोर बसली.

"येय, दिलेलं नाव परत घेता येतं का?"

येय खिडकीबाहेर बघत होती. थांब्यावरचं पोस्टर बदललं होतं. आता तिथे दह्याची जाहिरात होती.

"आचार्यांना सांगू, चूक झाली," थावी सोरियाच्या कानात म्हणाली. "ती तेच सांगायला चाललीये. बघ तू. आज संपेल सगळं."

देवळात शेवटच्या दिवसाची गर्दी. गॅरेज भरून माणसं अंगणातसुद्धा चटया टाकून बसली होती. येय वाट काढत पुढे गेली आणि आचार्यांच्या कानाशी लागली. म्हातारे आचार्य, एका कानाने अधू, त्यांनी मान डोलावली. मग माइक खरखरला आणि सगळे हात जोडले गेले. सोरियानेही जोडले.

नावं येत गेली. कुणाचा बाप, कुणाची सासू. येयच्या नवऱ्याचं नाव आलं. बहिणींची आली. वुथीचं आलं, एकदा दिलेलं ते तसंच राहिलं होतं. आणि मग आचार्य, श्वास घ्यायलाही न थांबता, म्हणाले,

"प्राक थावी. प्राक सोरिया."

शेजारच्या चटईवरच्या बाईने मान वळवून दोघींकडे बघितलं आणि आपली चटई जराशी लांब ओढली. थावीचे हात जोडलेलेच राहिले. ती ते सोडायचं विसरली होती.

बाहेर फटफटायला लागलं होतं. लोक डबे घेऊन देवळाला फेऱ्या घालत होते, गोळे टाकत होते. येयही टाकत टाकत आली. सोरिया वाटेतच उभी राहिली.

"येय, मी इथे आहे. माझ्याकडे बघ."

येय थांबली. डब्यात दोन गोळे उरले होते. एक तिने थावीच्या पायाशी टाकला. एक सोरियाच्या बुटापाशी.

"खा," ती हवेकडे बघून म्हणाली, सगळ्याच पितरांना म्हणतात तशा मऊ आवाजात. "लांबून आला असाल. भूक लागली असेल."